परत एकदा आत ये

शालूबाई देवळातून परतल्या तेव्हा घरात अंधार होता.

"लाईट गेली व्हय गं?" पायरीवर चपला काढत त्यांनी विचारलं.

आत सोप्यात पंधरावीस माणसं श्वास रोखून उभी होती. सून अंकिता कोपऱ्यात मोबाईल धरून होती. हे सगळं तिनंच ठरवलं होतं. सासूबाईंना साठ वर्षं पूर्ण होत होती आणि त्यांचा वाढदिवस आजवर कुणी केला नव्हता. म्हणून ती आणि तिचा नवरा विश्वजीत शिरवळहून मुद्दाम आले होते. वाटेत साताऱ्यात केक घेतला होता. शालूबाईंची थोरली बहीण बनाबाई सांगलीहून आली होती. सासरे नाथाजी ऊर्फ आबा, फौजेतले निवृत्त सुभेदार, फेटा बांधून, हातात हार घेऊन मधोमध उभे होते.

शालूबाईंनी आत पाऊल टाकलं. विश्वजीतनं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला, चमकीची नळी फाटकन फुटली आणि सगळे एकदम ओरडले, "सरप्राइज!"

शालूबाई खाली बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी, आणि दोन्ही हात दुमडून डोक्यावर.

"न्हाई वो, न्हाई... चुकलं माजं. परत न्हाई जायाची कुटं. भाकरी टाकते, आत्ता टाकते..."

वरून चमकीचे तुकडे सावकाश त्यांच्या हातांवर पडत होते. कुणीतरी सुरू केलेलं वाढदिवसाचं गाणं अर्ध्या ओळीवर थांबलं.

सगळ्यांनी नाथाजींकडं पाहिलं, आणि लगेच दुसरीकडं पाहिलं.

"भित्री हाय पैल्यापासनं," नाथाजी म्हणाले आणि हसले. बरोबर कुणी हसलं नाही.

बनाबाई पुढं झाल्या. बहिणीशेजारी टेकल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "शालू, ऊठ. कोन काय करत न्हाई. वाढदिवस हाय तुजा." त्यांच्या आवाजात जराही नवल नव्हतं.

शालूबाईंनी हात खाली घेतले. फुगे पाहिले, केक पाहिला, शेजारपाजारची माणसं पाहिली. मग त्यांना लाजच वाटली. "आगं बया, एवढी मानसं! आन मी ही अशी..." त्यांनी घाईघाईनं पदर सारखा केला. "अंधारातनं आले न्हवं. दचकले."

विश्वजीत अजून बटणापाशीच होता. तो आईकडं गेला नाही. अंकिताजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "रेकॉर्ड झालं?"

"हो."

"उडव ते."

आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आई, परत एकदा आत ये. परत घेऊ आपण."

माणसांना सुटल्यासारखं झालं. "व्हय, व्हय, परत घ्या," दोघंतिघं एकदम म्हणाले. एकीनं जमिनीवरची चमकी ओंजळीत गोळा केली, पुन्हा उधळायला.

अंकिता सासूबाईंबरोबर बाहेर आली. अंगणात दोघी उभ्या राहिल्या. घरातून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. शालूबाई केसांतले चमकीचे तुकडे वेचत होत्या.

"आई," अंकिताला नीट विचारताही येईना. "आबा अजून...?"

"न्हाई गं. आता कुटलं?" शालूबाई सहज म्हणाल्या. "गेल्या साली खांदा धरला न्हवं त्यांचा. हात वर जात न्हाई."

शालूबाईंनी केसांतला शेवटचा तुकडा काढून टाकला.

"म्या तोंडावर हात ठीवू का? मोबाईलमदल्या बायका ठेवत्यात तसा?"

"नको, आई. आपण नको करूया हे."

"आगं, मानसं खोळंबल्यात. पोरगं बी किती हौसंनं आलंय."

आतून नाथाजींचा आवाज आला, "झालं का न्हाई? ये की आता!"

शालूबाईंचं पाऊल त्या क्षणी उचललं गेलं. मग भान येऊन त्या थांबल्या आणि अंकिताला म्हणाल्या, "तू हो म्होरं. तुला मोबाईल धराया पायजे."

अंकिता आत गेली. दिवे मालवले. पुन्हा कुणी श्वास घेईना. शालूबाईंनी आत पाऊल टाकलं, उजेड पडला, आणि सगळे मघापेक्षाही मोठ्यानं ओरडले.

शालूबाईंनी तोंडावर हात ठेवला. डोळे मोठे केले. मग खळखळून हसल्या. "आगं बया! मला जरा बी पत्ता लागू दिला न्हाई की रं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "हां, आता कसं!" विश्वजीत म्हणाला. मोबाईलच्या पडद्यावर सासूबाईंचा चेहरा भरून दिसत होता. इतका खुशीत, की क्षणभर अंकितालाही खरं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं, लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं सासूबाईंचं हेच हसू पाहिलं होतं.

"हार घाला, सुभेदार!" मागून कुणीतरी म्हणालं.

नाथाजी पुढं आले. त्यांनी हार उचलला. हात छातीपर्यंत आले आणि तिथंच अडकले. त्यांनी पुन्हा जोर लावला, चेहरा वेडावाकडा झाला, पण हात काही वर जाईना. सगळे थांबून राहिले.

मग शालूबाईच वाकल्या, आणि त्यांनी आपली मान हारात घातली.