तिसरी नोंदवही

"पुसून टाक," ताई म्हणाली. "तिन्ही."

बारक्याने खुर्ची मागे सरकवली. शुश्रूषागृहाच्या जिन्याखालची खोली एवढीशी, खुर्ची लगेच भिंतीला टेकली. समोर खाटांच्या घंट्या सांभाळणारे, लिनक्सवर चालणारे संगणक-यंत्र घरघरत होते.

"ताई, या नोंदी जपायचा मला पगार मिळतो."

"चारला घंट्यांच्या कंपनीचा माणूस येऊन चौकशीसाठी सगळं कॉपी करून नेणार. सव्वातीन झालेत."

सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा जाऊन आज तिसरा दिवस. परवा दुपारी दोन नऊला त्यांनी घंटी दाबली. ताई ड्यूटीवर होती. ती गेली, पाणी देऊन टेबलाशी परत आली. दोन अकराला घंटी पुन्हा दाबली गेली. मग पुन्हा. सात मिनिटांत अकरा वेळा. ताई उठलीच नाही. पाऊण तासाने मेट्रन फेरीला गेली, तेव्हा आजोबांचा हात घंटीवरच होता.

पहिल्या दिवशी ताई ठासून सांगत होती की घंटी वाजलीच नाही. चौकशी होईपर्यंत तिची ड्यूटी बंद केली, म्हणून काल सकाळी ती वॉर्डातले आपले सामान आवरायला आली. मेट्रन सांगत होती, की त्या रिकाम्या खाटेवर ती बराच वेळ बसून होती. तेव्हापासून तिने घंटीचे नाव काढले नव्हते.

नोंद खोटी म्हणायलाही जागा नव्हती, कारण ती एक नव्हती. या एकाच यंत्रावर नोंदी ठेवणाऱ्या तीन सेवा, म्हणजे आपापली नोंदवही लिहिणारे तीन प्रोग्रॅम, चालत. एक जुनी, आधीच्या माणसाने बसवलेली. दुसरी बारक्याने हौसेने बसवलेली. तिसरी यंत्राची स्वतःची, कोणी सांगो न सांगो, सगळे टिपून ठेवणारी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे तीन. तिघी घंटीचा निरोप टेबलाकडे धाडायच्या, म्हणून खाटेवर घंटी एकदा दाबली की टेबलावर तीनदा वाजायची. "एक म्हातारा कुशीवर वळतो आणि मला वाटतं अख्खा वॉर्ड उठला," ताई कावली होती. मग गेल्या आठवड्यात बारक्याने एक नियम घातला. तीच घंटी दहा सेकंदांत पुन्हा आली तर गाळायची. ताईने त्या दिवशी त्याच्यासाठी डब्यात जास्तीचे आणले होते.

आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. ताईने त्याला न्हाऊ घातले, शिकवले, त्याने फोडलेल्या कपबशांची बोलणी स्वतः खाल्ली. यंत्रावरसुद्धा त्याने आपले नाव 'बारक्या' असेच ठेवले होते, त्यावरून मेट्रन अजून हसायची.

"मला एकदा खरं सांग," तो म्हणाला. "घंटी ऐकू आली होती?"

ताईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले.

"आली होती."

"मग?"

"कंटाळा आला होता. आत्ताच पाणी देऊन आले होते ना. म्हटलं, दाबू दे."

ही बाई बारक्याच्या तापात तीन-तीन रात्री उशाशी बसली होती. त्याला तिचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली.

"मी वर जाऊन तसं लिहून देते," ती म्हणाली. "त्यानं माझी नोकरी जाईल, जाऊ दे. पण नोंदी राहिल्या तर ते तिथं थांबणार नाही. एवढं कर माझ्यासाठी. आणि ती तिसरी वाचत बसू नकोस. नुसती पुस."

"तिसरीचं काय?"

"तूच म्हणाला होतास ना, ती सगळंच लिहिते. माझं अजून काय काय वाचणार आहेस?" तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. "जेवलास का?"

त्याने मान हलवली. ती जिना चढून गेली. तिची पावले शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली.

साडेतीन. त्याने पहिल्या नोंदवहीतल्या परवाच्या ओळी काढल्या. दुसरीतल्या काढल्या. आयुष्यात त्याने एक ओळ खोटी केली नव्हती आणि आज बहिणीसाठी करत होता, तीही अशा बहिणीसाठी.

तिसरी उरली. तिच्यातली एकेक ओळ काढता येत नाही, पुसायची तर सगळीच. आणि आत्ताच्या पुसापुशीचीही नोंद तिने बारक्याच्या नावानिशी केली असणार. किती ठिकाणी आपले नाव आले आहे, ते तरी बघावे म्हणून त्याने शोधायच्या चौकटीत 'बारक्या' असे टाकले.

दोन ओळी येतील असे त्याला वाटले होते. पडदा भरून गेला.

परवा, दोन अकरा. खाट सात. दहा मिनिटांच्या आत तीच घंटी, टेबलाकडे न पाठवता गाळली. नियम घालणारा: बारक्या.

त्याने ओळ पुन्हा वाचली. सेकंद नव्हे, मिनिटे. तिच्याखाली तशाच आणखी दहा ओळी होत्या, दोन अठरापर्यंत.

वर जिन्यापाशी कोणीतरी ताईला खुर्ची द्यायला सांगत होते.

त्याखाली कालची तारीख होती.

काल, सकाळी अकरा वीस. खाट सात, रिकामी. तीच घंटी, गाळली. नियम घालणारा: बारक्या. अकरा वेळा.