सुपडूआबांचा शेवटचा फॉल्ट

सुपडूआबांनी तार उपसली, टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा लॅपटॉपच्या खाचेत बसवली. खट् आवाज आला. दिवा मात्र लागला नाही.

"तार चांगली शे," ते म्हणाले. "आतेच टीव्हीना डब्बाले लाईसन दखी. तठे नेट चालस."

"मंग पोर्टच गयं व्हई, आबा," मोहिनी म्हणाली. "मी अपडेट करं, तवयपाईन बंद शे. ऱ्हाऊ द्या."

"कसं काय ऱ्हाऊ देऊ? चार वाजता तुन्ही कंपनी दखनार शे ना?"

ते खरं होतं. मोहिनी पुण्याच्या एका कंपनीचं काम शहाद्याजवळच्या या गावात बसून करत होती. तिचं वायफाय सारखं तुटायचं. म्हणून कंपनीनं सोमवारी कळवलं होतं, की शुक्रवारी चारपर्यंत तारेचं नेट जोडून दाखवा, नाही तर पुढच्या महिन्यापासून पुण्याला ऑफिसात येऊन बसा. आज शुक्रवार होता.

योगेंद्र जाऊन दोन वर्षं झाली होती. आबांचा एकुलता एक मुलगा गेला आणि सून घरात राहिली. माहेरी जा म्हणणारे बरेच होते. मोहिनी गेली नाही. तुला काय करायचंय, हे आबांनीही तिला कधी विचारलं नाही. तळोद्याची बहीण गजराबाई दर आठ दिवसांनी फोनवर तेच दळण दळायची. "सून गई त तुले भाकर कोन देई रे, भाऊ?" आबा तिच्यावर खेकसायचे. पण मोहिनी गेली तर हे घर आपल्याला खायला उठेल, याची त्यांना खरोखर भीती वाटत होती.

आबांची छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली होती. आधी खांबावर, मग शेवटची दहा वर्षं एक्स्चेंजमधल्या काळ्या स्क्रीनसमोर. त्यामुळे लॅपटॉपवर लिनक्स आहे, सगळं हुकूम टाइप करून करावं लागतं, म्हणून ते बिचकले नाहीत. खात्यात त्यांच्या हट्टाला साहेबही वचकून असत. लाइन सुरू झाली तरी ती बंद का पडली होती हे कळल्याशिवाय आबा तक्रारीवर सही करायचे नाहीत. बाकीचे लाइनमन तोवर घरी जाऊन जेवलेले असत.

"जोडण्यासनी यादी दखाड बरं पुन्हा."

मोहिनीनं टाइप केलं. यादीत वायफाय होतं, तारेच्या पोर्टाचं नावनिशाण नव्हतं.

आबांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायला लावला. सुरू होता होता बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून पाहिलं. तिथं पोर्ट चालू होतं. एक वाजला. मोहिनीनं जेवायला वाढू का विचारलं, आबांनी हातानंच नको म्हटलं.

"शहाद्याले दुकानात दाखाडूत मंग," मोहिनी म्हणाली. "पन आज काही व्हवाव नही. तुम्ही कसाले इतला तरास करी ऱ्हायनात?"

"मी बठेल शे ना आठे? दुकान कसाले?"

त्यांनी चष्मा पुसला आणि मशीनच्या आत बसवलेल्या सगळ्या कार्डांची यादी मागवली. बोट ठेवून एकेक ओळ वाचत खाली आले. सातव्या ओळीवर बोट थांबलं.

"हाई दख! कार्ड शे आठे. मरेल नही ते."

मोहिनी वाकून पाहत राहिली.

कार्ड होतं, पण त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरच, चढलेला नव्हता. आबांना आता जोर चढला. तो ड्रायव्हर हातानं चढवून बघायचा त्यांनी ठरवलं. त्यासाठी लॅपटॉपनं पासवर्ड मागितला. पासवर्ड फक्त मोहिनीला ठाऊक होता. तिनं तो टाइप केला. दुसऱ्याचा पासवर्ड बघू नये, म्हणून आबांनी तेवढ्यापुरती मान खिडकीकडे वळवली.

"मी च्या ठेवस," म्हणत मोहिनी आत गेली.

साडेतीन वाजले होते. आबांनी एक एक अक्षर शोधत हुकूम लिहिला आणि बटण दाबलं.

खाचेतला दिवा लागला. हिरवा, मग लुकलुकणारा पिवळा. यादीत पोर्टाचं नाव आलं, त्यापुढे पत्ताही आला. नेट चालू झालं होतं.

पोर आता कुठं जात नाही. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण दुरुस्ती झाली असली, तरी फॉल्ट कुठं सापडला होता? ड्रायव्हर आपण होऊन का चढत नव्हता? हे आज शोधलं नाही तर उद्या लॅपटॉप सुरू करताना पुन्हा हेच रडगाणं. चार वाजायला अजून वेळ होता.

ड्रायव्हरांच्या नियमांच्या फायली त्यांनी एकेक उघडल्या. चौथ्या फायलीत एकच ओळ होती. हा ड्रायव्हर लॅपटॉप सुरू होताना चढवायचा नाही, असं त्या ओळीत बजावलेलं होतं. अपडेटची फाइल अशी नसते. ही कोणीतरी हातानं लिहिलेली होती. शेजारी तारीख होती, याच मंगळवारची. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

अशी फाइल लिहायला पासवर्ड लागतो.

आबांनी तारीख दुसऱ्यांदा वाचली. स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता. दोन वर्षांत प्रथमच त्यांना स्वतःची लाज वाटली. मग चष्मा सारखा करून त्यांनी आणखी एक छोटा हुकूम लिहिला.

मोहिनी चहा घेऊन आली. तिनं आधी पोर्टाकडे पाहिलं. दिवा बंद होता.

"पोर्ट मरी गयं, पोरी," आबा म्हणाले. "मन्हाघाई जमनं नही. तू पुण्याले जाय."