नकारघंटा

निवृत्त होऊन दोन महिने झाले आणि प्रमिला घैसास यांना घर खायला उठलं. तेव्हा नवऱ्याने त्यांना कौलकेंद्रात नेलं. तिथे डोक्यावर टोपी चढवली की यंत्र माणसाच्या आठवणी चाळायचं आणि त्याला शोभेल असं काम सुचवायचं.

"तहानभूक विसरून तुम्ही शेवटचं काय केलंत, ताई?" यंत्राने विचारलं.

प्रमिलाबाई ओशाळल्या. "भांडले. सोसायटीला गच्चीवर कारंजं हवं होतं. मी एकटीने सहा तास विरोध केला."

"हिला नाही म्हणायची खोडच आहे हो," नवरा म्हणाला.

"खोड नव्हे, गुण," यंत्र म्हणालं. "खालच्या मजल्यावरच्यांच्या काळजीने ताईंची झोप उडाली होती, ते दिसतंय मला. आम्हा यंत्रांना हे जमत नाही. आम्ही सगळ्यालाच हो म्हणतो."

सोमवारी प्रमिलाबाई नगरपालिकेच्या नियोजनयंत्रासमोर त्याच्या योजना तपासायच्या कामावर बसल्या. यंत्राने नदीवर पूल सुचवला होता. "पलीकडे रस्ता कुठाय?" असं विचारून त्यांनी तो फेटाळला. मग स्मशानातले सरकते जिने फेटाळले. दुपारपर्यंत एकेचाळीस योजना परत गेल्या आणि यंत्र दर वेळी "आभारी आहे, ताई" म्हणत राहिलं.

बेचाळिसावी योजना एसटी स्टँडजवळच्या पिंपळाखाली बाक बसवण्याची होती. प्रमिलाबाईंनी ती तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. मग इकडेतिकडे पाहत त्यांनी हळूच सही केली.