मशीन गप्प का?

“मेलंय का बघ,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “जितं असून गप्प असलं तरी सांग. पण नक्की सांग.”

सविताने हसत स्क्रू सोडवले. पिंगळीजवळच्या म्हाळसाबाईंच्या भंगार गोदामाच्या फाटकावर किरणं ओळखणारं मशीन होतं. भंगारातून किरणोत्सर्गी तुकडा आत येऊ नये म्हणून. दीड-दोन महिने ते रोज सकाळी वाजलं. या आठवड्यात हूं की चूं नाही. तपासणीला सविताला बोलावलं ते म्हाळसाबाईंनीच.

“माय, तुला बघूनच बोंबलायचं ते,” त्यांचा मुलगा भागवत म्हणाला. “आता सवय झाली त्याला तुझी.”

“सुनेला झाली न्हाई अजून, मशीनला कशी हुईल?”

सून प्रियांका दारात तान्ही घेऊन उभी होती. ती हसली नाही.

उजेड.

सविताने काळी टेप चाचपली, सांध्यांवरून बॅटरी फिरवली. आत उजेड शिरला तर आकडा उगाच फुगतो. फुगला नाही.

स्फटिक.

किरण आदळला की हा चमकतो, मागची नळी ती चमक मोजते. ओल लागली की पिवळा पडतो. हा स्वच्छ.

“नीट बघ गं. घाई करू नको.”

“माय, ट्रक भरून उभाय. जालन्याला जायचाय.”

“उभा राहू दे.”

भागवत बघतच राहिला. ट्रक उभा राहिला की मायला जेवण जात नसे.

चहा.

म्हाळसाबाईंचा पेला वेगळा. खंडोबाचा नवस होता. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, कुणाला शिवायचं नाही. तान्हीलासुद्धा नाही. बारशाला त्या मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“पोरगी झाली ना,” प्रियांका सविताला हळूच म्हणाली. “पोरगा असता तर कुठला नवस आठवला असता?”

म्हाळसाबाईंनी ऐकलं. चहा संपवला.

चाचणी.

सविताने शिशाच्या डबीतून चाचणीची किंचित किरणोत्सर्गी चकती काढून मशीनसमोर धरली. ठणाणा! चकती डबीत गेली. गप्प.

“ठणठणीत आहे, मावशी. गप्प आहे म्हणजे खरंच काही नाही.”

“अगदी बारकं असलं तरी वाजंल?”

“वाजेल.”

म्हाळसाबाई उठल्या. फाटकाबाहेर गेल्या, आत आल्या. पुन्हा बाहेर, पुन्हा आत, मशीनला जवळजवळ चिकटून.

“माय, काय करायलीस?”

त्या थेट प्रियांकापुढे गेल्या आणि हात पसरले. “दे.”

प्रियांकाने गोंधळून तान्ही दिली. म्हाळसाबाईंनी तिला गालाला लावलं, मुके घेतले, पुन्हा घेतले.

“फिटला वाटतं नवस,” प्रियांका म्हणाली.

“नवस कसला गं लेकरा? गळ्याच्या गाठीवर हैदराबादच्या डॉक्टरनं किरणांची गोळी दिली होती. मशीन माझ्यामुळंच वाजायलं होतं.”