कोल्ह्याचं डोकं

बेळगावच्या एका सभागृहात, प्राण्यांचे केसाळ पोशाख घालून जमणाऱ्या हौशी मंडळींचं संमेलन भरलं होतं. आवाज, दिवे आणि पोशाखात घामाघूम झालेल्यांसाठी विश्रांतीची खोली, सगळं शाल्मलीकडे होतं. पोशाख चढवला की बोलायचं नाही, हा तिथला रिवाज. माणूस ओळखायचा तो पोशाखावरून. म्हणून नागेंद्रचा कोल्हा यंदाही दारात दिसताच सगळे धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडले.

थोड्या वेळाने नाचता नाचता कोल्ह्याचा तोल गेला. शाल्मलीने गाण्याचा आवाज कमी केला, दिवे मंद केले आणि त्याला धरून खोलीत आणलं.

"आत शिजशील की रं, नागेंद्र!" म्हणत तिने मागून कोल्ह्याचं डोकं काढलं. नेहमीच्या सवयीने त्यात सुगंधी जंतुनाशकाचा भरपूर फवारा मारला, ते पंख्यापुढे ठेवलं आणि पाणी द्यायला वळली. समोर पिकल्या मिशांचा माणूस धापा टाकत होता.

"मी त्याचा आप्पा, गुंजी गावचा. दिवाळीत तापानं गेलं पोरगं. त्याची माणसं कोण, ते बघाय आलतो. लई जीव लावतासा की गं."

शाल्मलीने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. तिने कोल्ह्याचं डोकं त्याच्या हातात दिलं. त्याने त्यात तोंड खुपसून हुंगलं. पुन्हा हुंगलं.



"धुतलंस व्हय, पोरी? घरातली त्याची सगळी कापडं बायकांनी धुऊन टाकली. वास तेवढा ह्यातच ऱ्हायलता."