नारदाची गादी

भाषणाआधी रेवतीने चपला काढून बाजूला ठेवल्या.

पहिल्या रांगेतून तिचे मार्गदर्शक सबनीस सर हसले. "देवळात आलीस का गं?"

"आई कीर्तन करायला अशीच उभी राहते, सर. नारदाच्या गादीवर खोटं बोलवत नाही म्हणते."

पडद्यावर आलेख उमटला. नव्या औषधाने कर्करोगाच्या पेशी मरत होत्या. याच आलेखावर तिची फेलोशिप वाढणार होती, सरांचा शोधनिबंध निघणार होता. पण काल तिने प्रयोग पुन्हा केला, तेव्हा औषध न दिलेल्या पेशीही तेवढ्याच मेल्या.

पायांना फरशी गार लागली.

"हा आलेख मी मागे घेते," ती म्हणाली. "औषधाशिवायही पेशी तेवढ्याच मरतात."

सर तिच्या पायांकडे बघत राहिले.

"मुदतवाढ अवघड आहे आता, पोरी," म्हणत ते सावरून बसले. "पण पूर्वरंग छान झाला. उत्तररंग होऊ दे. का मरतात?"