पाठ झालेला तक्ता

क्रेनवाल्याची बुबुळं शंकूसारखी पुढे येऊन नजर धूसर झाली होती, तरी कारखान्याच्या नेत्रतपासणीत तो सहा वर्षं पास होत होता. अक्षरांचा तक्ता त्याला तोंडपाठ होता आणि जुन्या डॉक्टरला शिक्का मारायची घाई.

शेवटी बायको म्हणाली, "कुणाच्या डोक्यात लोखंड पाडाल तेव्हाच ऐकाल का?" मग त्याने लेसरने बुबुळांत वाट करून त्यांचा आकार सुधारणाऱ्या बारीक कड्या बसवून घेतल्या. आता त्याला खरंच स्वच्छ दिसायला लागलं.

आज नवी डॉक्टरीणबाई होती. नापास झाला तर क्रेन जाणार. खुर्चीत बसताच सवयीने त्याचं तोंड सुरू झालं. शेवटची ओळसुद्धा त्याने घडाघडा म्हटली.

"एकही चूक नाही, दादा," बाई म्हणाल्या. "पण तक्त्यामागचा दिवा मी अजून लावलेलाच नाही."